पडण्याचा हिशेब

घरातले म्हातारे माणूस पडले, की भेटायला येणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो, "कुठे पडल्या?" उत्तरही तयार असते. न्हाणीत पडल्या. ओल्या शहाबादी फरशीवर पाय सरकला. उंबऱ्याला ठेच लागली. रात्री उठल्या आणि अंधारात बाजेचा पाय आडवा आला. मग पुढचा अर्धा तास फरशीला, उंबऱ्याला आणि गेलेल्या विजेला दोष देण्यात जातो. "कशा पडल्या?" हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. पडण्याच्या आधीच्या एक-दोन सेकंदांत शरीराने काय केले आणि काय करायचे राहून गेले, हा त्या प्रश्नाचा अर्थ. फरशी ओली होती हे खरे. पण त्याच फरशीवरून त्याच सकाळी घरातली नातही गेली होती. पाय तिचाही सरकला असेल, पण ती पडली नाही.

हा दुसरा प्रश्न धरून जगभर जे प्रयोग झाले, त्यांचा एक मोठा आढावा जानेवारी २०१९मध्ये प्रसिद्ध झाला. सिडनीच्या कॅथरीन शेरिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संघटनेसाठी केला. आरोग्यविषयक चाचण्यांचे निष्कर्ष गोळा करून ते पुन्हा तपासणे हे या संघटनेचे काम. आर्ची कॉक्रेन या स्कॉटिश डॉक्टरांचे नाव तिला दिलेले आहे. आढाव्याचा विषय असा: आपापल्या घरी राहणाऱ्या वृद्धांचे पडणे व्यायामाने कमी होते का? उत्तर 'होते' असे आहे, आणि ते बऱ्याच खात्रीने दिलेले आहे. तरीही नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगरसारख्या ठिकाणी बसून हा आढावा वाचला, की काही गोष्टी खटकतात. काही त्या आढाव्याबद्दल, आणि त्याहून जास्त आपल्याकडे 'ज्येष्ठांसाठी व्यायाम' म्हणून जे चालते त्याबद्दल.

आधी पडणे म्हणजे काय ते बघू. गवंड्याचा ओळंबा सर्वांनी पाहिलेला असतो. उभ्या माणसाच्या गुरुत्वमध्यातून असा ओळंबा खाली सोडला, तर तो दोन पावलांनी व्यापलेल्या जागेत पडला पाहिजे. त्या जागेबाहेर गेला आणि वेळेत परत आत आला नाही, की माणूस पडतो. चालताना तर प्रत्येक पावलागणिक आपण थोडे पडतच असतो आणि पुढचे पाऊल टाकून स्वतःला झेलत असतो. एक पाय उचललेला असतो तेव्हा सगळा डोलारा एका तळव्याएवढ्या जागेवर उभा असतो. तो सांभाळायला तीन ठिकाणांहून बातमी येते: डोळ्यांतून, आतल्या कानातून, आणि तळवे व सांधे यांमधल्या संवेदनांतून. म्हातारपणी या तिन्ही बातम्या अंधुक होतात. मोतीबिंदूने नजर जाते, मधुमेहाने तळवे बधिर होतात. बातमी आली तरी मांडीचे आणि घोट्याचे स्नायू उशिरा आणि कमी जोराने ओढतात. नातीचा पाय सरकला तेव्हा तिने अर्ध्या सेकंदाच्या आत दुसरे पाऊल टाकले. आजीचे पाऊल उशिरा पडले.

हे वर्गात दाखवता येते. विद्यार्थ्यांना एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना टेकवून, एका रेषेत उभे राहायला सांगा. मग डोळे मिटायला सांगा. घोट्याजवळच्या शिरा कशा ताणतात आणि थरथरतात, ते शेजारच्याने वाकून बघायचे. डोळ्यांची बातमी बंद होताच बाकीच्या दोघींवर किती काम पडते, ते लगेच दिसते. हा प्रयोग घरच्या आजी-आजोबांवर मात्र करू नये.

कॅनडात व्हँकूव्हरजवळच्या दोन वृद्धनिवासांमध्ये संशोधकांनी सामायिक जागांतल्या कॅमेऱ्यांचे चित्रण तपासले. १३० जणांच्या पडण्याचे २२७ प्रसंग त्यांना मिळाले; हा अभ्यास २०१३मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. सर्वांत मोठे कारण निघाले ते चुकीच्या रीतीने भार हलवण्याचे. म्हणजे वळताना, उठताना, हात लांबवून काही घेताना शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्यावर नेण्यात गफलत होते. २२७पैकी ९३ प्रसंग असे होते. ठेच लागून किंवा अडखळून पडण्याचे ४८ होते. आपण उंबऱ्याला जेवढा दोष देतो, तेवढा तो दोषी नाही, असे यावरून म्हणावेसे वाटते. पण जपून म्हणावे. न्हाणीघरात कॅमेरा नव्हता, आणि आपल्याकडची भीती तर नेमकी तिथलीच आहे.

आता आढाव्याकडे वळू. त्यात २५ देशांतल्या १०८ चाचण्या आहेत आणि २३,४०७ माणसे आहेत. या चाचण्या चिठ्ठ्या टाकून गट पाडण्याच्या पद्धतीच्या आहेत, म्हणजे कोणी व्यायाम करायचा आणि कोणी नाही, हे माणसाच्या हौसेवर सोडलेले नाही. हे महत्त्वाचे आहे, कारण हौसेने व्यायामाला येणारी माणसे मुळातच धडधाकट असतात. ती कमी पडली, तर श्रेय व्यायामाचे की मूळच्या तब्येतीचे, हे कळणार नाही. सहभागी लोकांचे सरासरी वय ७६, आणि त्यांत ७७ टक्के स्त्रिया. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

निष्कर्ष असा की व्यायाम करणाऱ्या गटात पडण्याचे प्रमाण २३ टक्क्यांनी कमी झाले. याच्याच शेजारी दुसरा आकडा आहे: एकदा तरी पडलेल्या माणसांची संख्या १५ टक्क्यांनी कमी झाली. दोन आकडे वेगळे का, हा गणिताच्या तासाला विचारण्याजोगा प्रश्न आहे. वर्षात चार वेळा पडणारी बाई व्यायामानंतर दोनच वेळा पडली, तर पडण्याचे प्रसंग निम्म्यावर आले. पण 'पडलेल्या माणसां'च्या यादीत तिचे नाव आहे तसेच राहिले. पहिला आकडा प्रसंग मोजतो, दुसरा माणसे.

टक्के बाजूला ठेवून माणसांत बोलू. आढाव्यात उदाहरणादाखल दिलेला हिशेब असा आहे: व्यायाम न करणाऱ्या १,००० वृद्धांमध्ये वर्षभरात ८५० वेळा पडणे होत असेल, तर व्यायाम करणाऱ्या १,००० जणांमध्ये ते १९५ने कमी होईल, म्हणजे ६५५ होईल. माणसे मोजली तर ४८०च्या जागी ४०८. व्यायाम करूनही हजारातले ४०८ जण पडलेच! त्यामुळे 'व्यायाम करा, पडणे टाळा' अशी पाटी कोणी लावली, तर ती अर्धीच खरी. आणि 'एवढे करूनही पडायचेच, तर कशाला करा' असे कोणी म्हणाले, तर त्याला ते १९५ प्रसंग दाखवावेत. त्या प्रसंगांतल्या एखाद्यात खुब्याचे हाड मोडले असते. खुबा मोडलेल्या बाईला गाडीत घालून नांदेडला न्यायचे, शस्त्रक्रियेच्या पैशांची जमवाजमव करायची, आणि ती परत आल्यावर घरातल्या एकाने कामधंदा सोडून तिच्या उशाशी बसायचे. हा खर्च कोणत्याही टक्केवारीत दिसत नाही.

आढाव्याचे खरे मोल मात्र 'कोणता व्यायाम' या प्रश्नावर आहे, आणि आपल्याकडे नेमका तोच भाग वगळला जातो. तोल सांभाळायला लावणारे आणि रोजच्या हालचालींसारखे व्यायाम असतील, तर पडणे २४ टक्क्यांनी कमी झाले. ३९ चाचण्यांचा हा निष्कर्ष आहे आणि त्याची खात्री उच्च दर्जाची मानली आहे. अशा व्यायामाला स्नायू बळकट करणाऱ्या व्यायामाची जोड दिली, तर घट ३४ टक्के दिसली. इथे चाचण्या ११च, म्हणून खात्री मध्यम. ताई ची या चिनी पद्धतीने १९ टक्के, खात्री कमी. आणि नुसते चालणे, नुसते वजन उचलणे किंवा नृत्य? यांच्याबद्दल निश्चित काही म्हणता येत नाही, असे आढावा स्पष्ट सांगतो.

चालण्याबद्दलचे हे वाक्य आपल्याला धक्का देणारे आहे. डॉक्टर म्हणतात चाला, वर्तमानपत्र म्हणते चाला, निवृत्त शिक्षक पहाटे पाचला पांढरे बूट घालून चालतात. हृदयासाठी, साखरेसाठी, मनासाठी चालणे उत्तमच आहे. पण सिडनीत ६५च्या पुढच्या ३८६ बैठ्या माणसांवर ४८ आठवडे चालण्याचा कार्यक्रम राबवला, तेव्हा त्यांचे पडणे कमी झाले नाही. त्याआधी, १९९७मध्ये, इंग्लंडमधल्या एका चाचणीत हाताचे हाड नुकतेच मोडलेल्या स्त्रियांना भरभर चालायला लावले, तर त्या तुलनेच्या गटापेक्षा जास्त पडल्या. कारण शोधायला दूर जायला नको. चालण्याने चालण्याचा सराव होतो. तोल जाऊ लागल्यावर तो परत मिळवण्याचा सराव त्यात फारसा होत नाही, आणि भरभर चालणारा माणूस खाचखळग्यांना जास्त वेळा भेटतो. ज्याचा तोल आधीच कच्चा आहे त्याला "रोज तासभर झपाझप चाला" असे सांगणे म्हणजे पोहता न येणाऱ्याला रोज विहिरीच्या काठावर फिरायला सांगण्यासारखे आहे.

तोलाचा व्यायाम म्हणजे काय, याचा नमुना न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातून आला. ड्युनेडिन शहरातल्या ८० वर्षांवरच्या २३३ स्त्रियांवर ही चाचणी झाली आणि ती १९९७मध्ये प्रसिद्ध झाली. प्रशिक्षित व्यक्ती घरी येऊन व्यायाम शिकवून जाते, मग बाईने ते आठवड्यातून तीनदा, अर्धा-अर्धा तास करायचे. व्यायाम अगदी साधे: गुडघे किंचित वाकवून सरळ होणे, टाचांवर चालणे, चवड्यांवर चालणे, आडवे चालणे, मागे चालणे, इंग्रजी आठच्या आकड्यात वळत चालणे, एका पायावर उभे राहणे, खुर्चीवरून हाताचा टेकू न घेता उठणे. प्रत्येकाची पायरी ठरलेली असते. आधी ओट्याला धरून, मग एका हाताने धरून, मग न धरता. वर्षाअखेर व्यायामाच्या गटात पडण्याचे ८८ प्रसंग झाले, दुसऱ्या गटात १५२.

या चाचणीतली एक गोष्ट शिक्षकांनी आवर्जून पाहावी. दुसऱ्या गटातल्या स्त्रियांच्या घरीही तितक्याच वेळा कोणीतरी गेले, पण नुसते गप्पा मारायला. का? एकट्या म्हातारीकडे कोणी आपुलकीने येऊन बसले, की तिला तेवढ्यानेही बरे वाटते, ती जपून वागू लागते. त्या आपुलकीचा परिणाम व्यायामाच्या नावावर जमा होऊ नये, म्हणून ही तजवीज. आपल्याकडे शिबिरानंतर "सर्वांना फार छान वाटले" असा अहवाल लिहिला जातो, त्यात वाटण्याचे कारण आसन होते की चहा आणि सोबत, हे कधीच वेगळे केलेले नसते.

आता आढाव्यावरचा माझा आक्षेप. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे पडण्यामुळे जगात दरवर्षी सुमारे ६,८४,००० माणसे मरतात आणि त्यांतली ८० टक्क्यांहून अधिक कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांत असतात. आणि आढाव्यातल्या चाचण्या? बहुतेक श्रीमंत देशांतल्या. पडतात एकीकडे आणि मोजतात दुसरीकडे. यात आढावा करणाऱ्यांचा दोष नाही, जे उपलब्ध होते तेच त्यांनी जमवले. पण निष्कर्षावर 'उच्च खात्री' असा शिक्का बसतो, तेव्हा ती खात्री कोणाच्या शरीराबद्दल आणि कोणाच्या घराबद्दल आहे, हे वाचणाऱ्याने स्वतःला विचारायला हवे.

ओटागोचा व्यायाम खुर्चीपासून सुरू होतो. हिमायतनगरच्या आसपासच्या गावांतली सत्तरीची बाई दिवसातून कितीदा जमिनीवरून उठते ते मोजून पाहा. ती मांडी घालून जेवते, उकिडवी बसून भांडी घासते, चुलीपुढे बसते, शौचाला उकिडवी बसते. ड्युनेडिनच्या बाईला जे कष्टाने शिकवायचे, ते हिचे रोजचे आहे. यावरून आपल्याकडचे काही जण म्हणतात, "आमच्या बाया दिवसभर राबतात, त्यांना व्यायाम कशाला शिकवता?" हे म्हणणे ऐकायला बरे वाटते, पण टिकत नाही. कापूस वेचताना किंवा निंदताना पाठ वाकते, मांड्या दमतात, पण भार आडवा नेणे, मागे पाऊल टाकणे, एका पायावर थांबणे याचा क्रमाक्रमाने वाढणारा सराव तिथे होत नाही. शेतात धरायला भिंत नसते. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल चपलेला धरतो, आणि अंगावरच्या लुगड्याचा घोळ, काखेत नातू, डोक्यावर ओझे यांसह ती तो तुडवते. श्रम म्हणजे व्यायाम नव्हे. व्यायामात चुकायला मोकळीक असते, बांधावर नसते.

याची दुसरी बाजूही आहे. गुडघे दुखू लागले की घरात प्लास्टिकची खुर्ची येते, मग खुर्चीचा संडास येतो, आणि जमिनीवर बसणे बंद होते. दुखणाऱ्या माणसाला हा आराम मिळालाच पाहिजे. पण ज्या उठण्या-बसण्याने मांड्या बळकट राहिल्या होत्या, तेही त्याबरोबर संपते, आणि त्याच्या जागी दुसरे काही येत नाही. परदेशी पुस्तिकेत या माणसासाठी पान नाही. जमिनीवर बसणे सोडताना मांड्यांचे बळ कसे राखायचे, हे आपल्याच फिजिओथेरपी महाविद्यालयांनी लिहायचे पान आहे.

आपल्याकडच्या उपक्रमांबद्दल आता थोडे स्पष्ट बोलू. महाराष्ट्रात ज्येष्ठांचे संघटन जुने आहे. ज्येष्ठ नागरिक संघांचा महासंघ, फेस्कॉम, १९८०पासून काम करतो. डॉ. मदन कटारिया यांनी १३ मार्च १९९५ रोजी मुंबईत पहिला हास्यक्लब सुरू केला आणि ती कल्पना जगभर गेली. २०१५पासून २१ जूनला योग दिवस होतो. म्हणजे सकाळी एकत्र जमून काहीतरी करायचे, ही सवय आपल्याला आयती मिळालेली आहे. पण त्या वेळात होते काय? हास्यक्लबात मंडळी गोलात उभी राहतात, टाळ्या वाजवतात, दीर्घ श्वास घेतात, हसतात. पाय बहुतेक वेळ जागेवरच असतात. योगवर्गात वृद्धांना दिलेला बराच भाग बसून किंवा झोपून करण्याचा असतो: प्राणायाम, ओंकार, शवासन. वृद्धांवरच्या योगाच्या चाचण्यांचा एक आढावा २०१६मध्ये आला. योगाने तोल थोडा सुधारतो आणि हालचाल त्याहून अधिक सुधारते, असे त्यात दिसले. तोल सुधारणे आणि पडणे कमी होणे या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली मोजून दुसरी सिद्ध झाली असे धरता येत नाही. शिवाय वृक्षासनासारखी उभ्याने करायची आसनेच नेमकी "तुम्हाला झेपणार नाहीत" म्हणून गाळली, तर जे उरते त्याचा पडण्याशी संबंध आणखी कमी होतो.

तरीही हास्यक्लबाला हसणे ही चूक ठरेल. आढाव्यातल्या कितीतरी उत्तम कार्यक्रमांना जे साधत नाही, ते त्याला साधले आहे: माणसे वर्षानुवर्षे रोज येतात. तोलाचा व्यायाम सोडला की त्याचा लाभ ओसरतो. शेरिंग्टन यांच्याच २०१७च्या विश्लेषणात सर्वांत मोठा परिणाम दिसला तो तोलाला आव्हान देणाऱ्या आणि आठवड्याला तीन तासांहून अधिक चालणाऱ्या कार्यक्रमांत. तिथे घट ३९ टक्के होती. आठवड्याला तीन तास, आणि तेही कायम! एक दिवसाच्या शिबिराने हे होणार नाही, मग त्याला कितीही मोठे पाहुणे येवोत. ज्यांच्याकडे माणसे रोज येतात त्यांनी त्या तासातली वीस मिनिटे पायांना दिली, तर नवे काही उभारायची गरज कमी पडेल. गोलात उभे आहातच, तर शेजाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून टाच उचला. आडवे चाला. मागे चाला.

आणि तो मघाचा ७७ टक्क्यांचा आकडा. चाचण्यांत चारांतल्या तीन स्त्रिया होत्या. आपल्या गावातल्या कट्ट्यावर, पारावर, पहाटेच्या रस्त्यावर कोण दिसते? बहुतेक निवृत्त, पगारदार, पुरुष. सकाळी सहाला म्हातारी बाई पाणी भरत असते किंवा नातवंडांना शाळेसाठी उठवत असते. मराठवाड्यातून ऊसतोडीला गेलेल्या घरांत तर हंगामभर नातवंडांची आई तीच असते. सहाला मैदानावर या, असे सांगणारा कार्यक्रम तिला आधीच वगळून बसलेला असतो. ती कुठे येते? देवळात येते. हिमायतनगरात परमेश्वराच्या मंदिरात, गावोगावी हरिपाठाला, सप्ताहात. वारकऱ्यांची पावली ज्यांनी पाहिली आहे त्यांना त्यातले भार हलवणे दिसले असेल: एक पाऊल पुढे, गुडघा वाकवून, मग मागे, मग आडवे, टाळाच्या ठेक्यावर, हळूहळू वाढत्या लयीत. ताई चीच्या हालचालींशी तिचे साम्य आहे असे मला वाटते. पण साम्य म्हणजे पुरावा नव्हे, आणि नृत्याबद्दल आढावा काय म्हणतो ते वर आलेच आहे. "आमच्या पूर्वजांना हे ठाऊकच होते" असे म्हणून मोकळे होण्याआधी, पावलीची रीतसर चाचणी एखाद्या विद्यापीठाने घ्यावी. नांदेडच्या विद्यापीठाच्या आसपास अशी गावे मुबलक आहेत.

शिकवायचे कोणी, ही अडचण नेहमी पुढे केली जाते, आणि तालुक्याच्या गावी फिजिओथेरपिस्ट मिळणे अवघड असते हे खरेच आहे. पण ओटागोचाच कार्यक्रम पुढे न्यूझीलंडमध्ये प्रशिक्षण घेतलेल्या एका परिचारिकेने २४० वृद्धांना शिकवला, तेव्हा पडणे ४६ टक्क्यांनी कमी झाले; ही चाचणी २००१ची. गावात परिचारिका आहे, आशाताई आहे. वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११पासून कागदावर तरी आहे. नाही तो तिच्या कामाच्या यादीतला वेळ, आणि त्याबद्दलचा मोबदला.

आढाव्याच्या नंतरची एक चाचणी सांगायलाच हवी, कारण ती उत्साहाला लगाम घालते. इंग्लंडमध्ये ७०च्या पुढच्या ९,८०३ जणांवर ती झाली आणि २०२०मध्ये प्रसिद्ध झाली. काही दवाखान्यांनी नुसती सल्ल्याची पत्रिका टपालाने पाठवली. काहींनी पत्राने चाचपणी करून, ज्यांना पडण्याचा धोका जास्त त्यांना ओटागोच्या धर्तीचा व्यायाम दिला. हाडे मोडण्याचे प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखेच राहिले. २०१९च्या आढाव्यात व्यायामाने हाड मोडणे २७ टक्क्यांनी कमी होऊ शकते असे होते, पण कमी खात्रीचे. दोन्ही एकत्र वाचले की चित्र असे दिसते: जो व्यायाम मनापासून आणि पुरेसा करतो त्याचे पडणे कमी होते; पण घरी पत्र पाठवून, धोका असलेल्यांना बोलावून, जे येतील त्यांना शिकवून साऱ्या गावाची हाडे वाचत नाहीत. योजना आखणाऱ्यांनी या चाचणीकडे डोळेझाक करू नये. व्यायाम हा एकच उपाय आहे असेही नाही. इंग्लंडमध्येच सत्तरीपुढच्या स्त्रियांची मोतीबिंदूची पहिली शस्त्रक्रिया लवकर केली, तेव्हा त्यांचे पडणे ३४ टक्क्यांनी कमी झाले होते. आपल्याकडची मोतीबिंदू शिबिरे पडण्याच्या हिशेबात कोणी धरतच नाही.

हिशेब. सगळे अडते ते तिथे. हिमायतनगर तालुक्यात वर्षाला किती वृद्ध पडतात, हे मोजायचे कसे? "आजी, यंदा कधी पडलात का?" असे विचारले, तर आजी म्हणेल, "नाही गं बाई." कारण आपल्या भाषेत 'पडणे' म्हणजे लागणे, मोडणे, निजून राहणे. तोल जाऊन न्हाणीत बसकण मारली, ते पडणे नव्हे. बांधावरून घसरले, ते घसरणे. धडपडले, ठेचकाळले, चक्कर आली, झोक गेला, यांतले काहीच 'पडणे' नव्हे. संशोधनातली व्याख्या मात्र अशी आहे की माणूस नकळत जमिनीवर किंवा खालच्या पातळीवर आला, की ते पडणे; लागो वा न लागो. म्हणून विचारायचे ते असे: "चालता-उठताना, मनात नसताना जमिनीवर आलात असे कधी झाले?" शिवाय माणसे विसरतात. १९८८च्या एका अमेरिकी अभ्यासात, ज्यांचे पडणे आधी नोंदले गेले होते अशांपैकी १३ ते ३२ टक्के जणांना नंतर विचारल्यावर ते आठवले नाही. किती मागचे विचारले त्यावर हा आकडा बदलला. त्यामुळे चांगल्या चाचण्यांत सहभागी व्यक्ती घरच्या कॅलेंडरवर रोज खूण करते आणि महिन्याचे पान पाठवून देते.

लिहिता न येणाऱ्या आजीला हे जमणार नाही, ही शंका रास्त आहे. पण आपल्या घरांत भिंतीवर कालनिर्णय असते, आणि त्याच्या चौकोनांत दुधाचे खाडे कोणीतरी लिहितच असते. ते लिहिणारे हात बहुधा शाळेत जाणाऱ्या मुलाचे असतात. आठवी-नववीच्या वर्गाने ठरवले, तर घरातल्या साठीपुढच्या प्रत्येक माणसासाठी एक वेगळी खूण ठरवता येईल: रोज संध्याकाळी विचारायचे, जमिनीवर आला असाल तर चौकोनात फुली, आणि शेजारी एका शब्दात काय चालले होते ते. वळताना, उठताना, पाणी घेताना, अंधारात. "कुठे" नाही, "काय करताना". नावे वर्गात वाचून दाखवायची नाहीत, आणि कोणाची आजी किती पडली याची थट्टा होणार नाही हे शिक्षकांनी बघायचे. महिनाअखेर फक्त आकडे जमवायचे, पावसाळ्याचे आणि उन्हाळ्याचे वेगळे. सहा महिन्यांनी एखाद्या गल्लीत हरिपाठाआधी वीस मिनिटे पायांचा व्यायाम सुरू झाला, तर आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी मांडता येतील, आणि व्यायाम न करणाऱ्या गल्लीचेही. चिठ्ठ्या टाकलेल्या नसल्यामुळे या तुलनेत कच्चेपणा किती राहील, तेही विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे. एवढी काळजी मात्र घ्यावी की जानेवारीत नवे कालनिर्णय टांगले गेले, की जुने रद्दीत जाते. ते त्याआधी मागून घ्यावे.